चाकाआधी टायर : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळच्या पत्रांत एकच विषय पुन्हा पुन्हा आला आहे: ड्रॉप हँडलची, जाड टायरची, चिखलात चालणारी सायकल आणि तिची चाकं. सायक्लोक्रॉस हा खेळ मुळात बेल्जियम, नेदरलँड्स, फ्रान्स या पट्ट्यातला. त्याची पहिली जागतिक स्पर्धा १९५० साली पॅरिसमध्ये झाली आणि ती फ्रान्सच्या जाँ रोबिकने जिंकली. साधारण तासाभराची शर्यत, अडीच ते साडेतीन किलोमीटरची फेरी. मधे चिखल, वाळू, पायऱ्या आणि फार तर ४० सेंटिमीटर उंचीच्या फळ्या. तिथे सायकल खांद्यावर घेऊन पळायचं. सायकलची घडण या सगळ्याला धरून झाली आहे. ती समजून न घेता पैसे खर्च केले की काय होतं, ते खालच्या दोन-तीन पत्रांत दिसेलच.

प्रश्न : नोकरीमुळे पुण्याहून इथे आलो. क्लबच्या सायक्लोक्रॉस शर्यतीत उतरायचं आहे. खिशात ९०० युरो. दोन जुन्या सायकली पाहिल्या. पहिली कॅन्टिलिव्हर ब्रेकची, हलकी, ६५० युरो. दुसरी डिस्क ब्रेकची, जरा जड, ८५० युरो. कोणती घेऊ, आणि पाहताना काय तपासू? (आइंटहोव्हन, नेदरलँड्स)

डिस्कची, पण ८५० ला नाही. हातात ५० युरो उरले तर टायरची धड एक जोडीही येणार नाही, आणि जुन्या सायकलबरोबर आलेले टायर बहुतेक वेळा झिजलेलेच असतात. भाव ७५० पर्यंत उतरला तर व्यवहार ठीक. मोसम सप्टेंबर ते फेब्रुवारी असतो. तो संपला की बरेच जण आपली दुसरी सायकल विकायला काढतात (शर्यतीत मधेच सायकल बदलायची मुभा असल्यामुळे मुरलेले खेळाडू दोन बाळगतात). थांबता येत असेल तर तेव्हा घ्या.

कॅन्टिलिव्हर नको म्हणण्याची कारणं दोन. एक, या ब्रेकचे रबर रिमवर घासतात. मधे वाळू आली की रिमची भिंत कानशीने घासल्यासारखी झिजते, आणि तुमच्या ब्राबांत भागातली माती तर रेताडच आहे. दुसरं कारण पुढच्या ब्रेकचं थरथरणं. त्याच्या केबलचं आवरण हेडसेटजवळच्या (हँडल जिथे फिरतं त्या बेअरिंगजवळच्या) खुंटीपाशी संपतं. ब्रेक दाबला की चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क) मागे वाकतो, खुंटी आणि ब्रेक यांच्यातलं अंतर वाढतं, केबल आणखी ताणली जाते, ब्रेक आणखी आवळतो. चाक क्षणभर अडतं, सुटतं, पुन्हा अडतं. चिमट्याच्या डोक्यावर बसणारी खुंटी लावली किंवा ८० ते ९० मिलिमीटर हातांचे छोटे व्ही-ब्रेक बसवले तर हे बरंचसं थांबतं. पण छोट्या व्ही-ब्रेकचे रबर रिमला इतके चिकटून राहतात की चिखलात चाक अडकायला लागतं. यूसीआय या जागतिक सायकल संघटनेने २०१० साली या खेळात डिस्क ब्रेकला परवानगी दिली, तेव्हापासून नवी चाकंही डिस्कसाठीच बनत गेली. पुढे चाकं बदलायची असतील तर निवड तिकडेच जास्त आहे. कॅन्टिलिव्हरची सायकल ३५० च्या आसपास मिळत असती आणि एकच मोसम हौस करून पाहायची असती, तर मात्र आम्ही हो म्हटलं असतं.

आता तपासणी. सायकल धुऊन ठेवू नका, आहे तशी दाखवा, असं विकणाऱ्याला आधीच सांगा. सगळ्यात आधी मागच्या चाकाजवळ खाली बसून चेन-स्टेची (पायडलपासून मागच्या आसाकडे जाणाऱ्या नळीची) आतली बाजू बघा. टायर आणि नळी यांच्यामध्ये चिखल अडकून फिरत राहिला की तो पॉलिश पेपरचं काम करतो. अॅल्युमिनियमवर रंग उडालेला असेल तर चालेल. कार्बनचे धागे दिसायला लागले असतील तर सायकल तिथेच सोडा. मग सीटची नळी सैल करून वरखाली करून दाखवायला सांगा. चिखलपाण्यात वापरलेल्या सायकलीत ती आत जाम होते, आणि जाम झालेली काढणं हे एक स्वतंत्र संकट आहे. पुढचा ब्रेक दाबून धरून सायकल पुढेमागे हलवा. हेडसेटपाशी टकटक जाणवली तर छर्रे गेलेत किंवा जुळणी ढिली आहे. चेन उतरवून पायडलचा मधला आस हाताने फिरवा, तो खरखरता कामा नये.

चेन साध्या पट्टीने मोजता येते. बारा पूर्ण कड्यांचं, म्हणजे चोवीस पिनांच्या अंतरांचं, माप नव्या चेनमध्ये ३०४.८ मिलिमीटर भरतं. ते ३०६.३ च्या वर गेलं असेल तर चेन बदलायची, आणि ३०७ च्या पुढे गेलं असेल तर कॅसेटही (मागच्या चाकावरची दातेरी चक्रं) बदलायची असं धरूनच चाला. शिमानो कंपनीची ब्रेकची डिस्क नवी असताना १.८ मिलिमीटर जाड असते आणि १.५ ला बाद होते. व्हर्नियर बरोबर न्या.

शेवटी एक्सल, म्हणजे चाकाचा आस (मापं मिलिमीटरमध्ये, आधी रुंदी, मग जाडी). पुढे १०० x १२ किंवा १०० x १५ आणि मागे १४२ x १२ थ्रू-एक्सल (आरपार जाणारा जाड आस) असेल तर उत्तम. क्विक रिलीजची (खटक्याने सुटणाऱ्या बारीक आसाची), म्हणजे पुढे १००, मागे १३५ असेल तरी अडत नाही, पण चाकं शोधताना पर्याय कमी होतील. एवढं झालं की सायकल उचलून खांद्यावर घ्या आणि दहा पावलं चाला. वरची दांडी खालून चपटी असेल आणि केबल वरून गेल्या असतील तर खांद्याला काही रुतणार नाही. क्रॉसची सायकल ओळखायची ही सोपी खूण आहे.

पहिल्या मोसमात चाकांना हात लावू नका. टायर मात्र बदला: मधे बारीक नक्षी, कडेला ठळक गुठळ्या, रुंदी ३३ मिलिमीटर. यूसीआयच्या नियमात ३३ च्या वर चालत नाही. क्लबच्या शर्यतीत बहुधा इतकं काटेकोर मोजत नाहीत, तरी आयोजकांचे नियम वाचा. एकदा सीमेपलीकडे बेल्जियममधल्या झोनहोव्हनच्या वाळूच्या खड्ड्यातली शर्यत पाहून या. पट्टीचे स्वारही तिथे उतारावर हँडल सैल सोडून चाक आपल्या वाटेने जाऊ देतात, आणि हवेच्या दाबाचं महत्त्व आमच्या चार परिच्छेदांपेक्षा तिथे लवकर कळतं.

प्रश्न : पावसाळ्यात डोंगराकडच्या कच्च्या रस्त्यांवर आणि एरवी कामाला जाण्यासाठी सायक्लोक्रॉस सायकल घेऊ का? एक परदेशी सायकल सेकंडहँड मिळते आहे. (सातारा)

नको. तुमच्या कामाला ग्रॅव्हल सायकल (खडीच्या, कच्च्या रस्त्यांसाठीची) लागेल. दुरून दोन्ही सारख्याच दिसतात, फरक मापांत असतो. क्रॉसच्या सायकलचा पायडलचा आस उंच ठेवतात, त्यामुळे उतारावर ती ग्रॅव्हलइतकी बसकी वाटत नाही. मडगार्ड आणि कॅरिअरसाठी भोकं बहुधा नसतात, काहींवर तर बाटलीची जागाही धड नसते. टायरची जागा ३३ ला धरून काढलेली असते. त्यात ४० चा टायर कसाबसा बसेलही, पण आपल्याकडच्या काळ्या चिकण मातीत पन्नास मीटरमध्ये चाक गच्च होईल. कोकणातल्या जांभ्याच्या वाटेवर निभावेल, देशावरच्या शेतरस्त्यावर नाही. टायरच्या दोन्ही बाजूंना किमान ६ मिलिमीटर मोकळी जागा हवी.

खरी अडचण गिअरची. क्रॉसच्या जुन्या सायकलींना पुढे ४६/३६ दात आणि मागे बहुधा ११-२८ किंवा ११-३२ असतं. सर्वांत हलका गिअर ३६/३२ धरला तर ३८ च्या टायरवर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे २.४७ मीटर पुढे जाते. मिनिटाला ७० फेरे मारायचे तर ताशी १०.४ किलोमीटर वेग टिकवावा लागेल. वाईहून पसरणीचा घाट भरल्या बॅगेसकट चढताना हा वेग सगळ्यांना झेपत नाही, मग गुडघ्यांवर ताण येतो. ग्रॅव्हलच्या ३०/३४ वर तेच गणित १.९४ मीटर आणि ताशी ८.१ किलोमीटरचं होतं. शर्यतीत चढ इतका तीव्र झाला की खेळाडू उतरून पळतो. तुम्ही ऑफिसला जाताना पळणार नाही.

प्रश्न : माझी डिस्क ब्रेकची सायकल आहे, मागे १० स्पीड. दोन चाकांचं वजन (टायर सोडून) २.३ किलो. वर्षभरात मागच्या चाकाचे तीन स्पोक तुटले. चाकांसाठी २०,००० रुपये बाजूला काढलेत. नवी हलकी जोडी घ्यावी की हीच दुरुस्त करावी? मी आणि सायकल मिळून वजन ८२ किलो. (नाशिक)

आधी स्पोक कुठे तुटले ते सांगा, म्हणजे निम्मं उत्तर तुमचं तुम्हालाच मिळेल. हबपाशी, वाकलेल्या मानेवर तुटले असतील तर ते धातूच्या थकव्याने. निपलपाशी (स्पोक रिमला धरणाऱ्या छोट्या नटापाशी), आट्यांवर तुटले असतील तर स्पोक निपलमध्ये तिरका शिरला आहे. कॅसेटच्या बाजूला हबजवळ ओरखडे असतील तर कधीतरी चेन कॅसेटच्या मागे पडून तिने ते कुरतडले आहेत. मग डीरेलरचा (चेन चक्रांवरून सरकवणाऱ्या भागाचा) आतला मर्यादा-स्क्रू आधी नीट करा, नाहीतर नवे स्पोकही जातील.

बहुतेक पत्रांत पहिलाच प्रकार असतो, आणि ‘फार आवळल्यामुळे तुटला’ असं दुकानदार सांगतो. उलट आहे. चाक फिरताना जमिनीकडचा स्पोक दर फेरीला थोडा सैल होतो आणि पुन्हा ताणला जातो. मुळातच ताण कमी असेल तर तो पार ढिला पडतो, मान हबच्या भोकात हलते आणि तार पुन्हा पुन्हा वाकवल्यासारखी तुटते. यंत्रावर घाईने बांधलेल्या स्वस्त चाकांत हे हटकून होतं. एक तुटला की शेजारचेही तितकेच थकलेले असतात. तिसरा तुटल्यावर एकेक बदलत बसू नका, सगळे बदला.

आता हलक्या जोडीचा हिशोब. २.३ किलोची जोडी देऊन १.८ किलोची घेतली तर ५०० ग्रॅम वाचले. ८२ किलोंत ते ०.६ टक्के झाले, म्हणजे तासाभराच्या चढात जेमतेम २२ सेकंद. ‘फिरतं वजन दुप्पट’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. ते वेग वाढवताना लागू पडतं, एका लयीत चढताना नाही. क्रॉसच्या शर्यतीत दर वळणानंतर पुन्हा उसळी मारावी लागते, तिथे थोडा फायदा होतो. रोजच्या फेरफटक्यात नाही. टायरचं गणित याच्या शेजारी ठेवा. तारेच्या कडेचा, राठ टायर काढून मऊ भिंतीचा घातला आणि रोलिंग रेझिस्टन्सचा (टायर फिरताना होणाऱ्या विरोधाचा) गुणांक ०.००८ वरून ०.००५ वर आला, तर तुमच्या वजनाला ताशी २५ किलोमीटर वेगात सुमारे १७ वॅट वाचतात. सातशे ग्रॅमचा टायर जाऊन साडेचारशेचा आला तर जोडीमागे ५०० ग्रॅमही तिथेच गेले, आणि तेही चाकाच्या अगदी बाहेरच्या कडेचे.

म्हणून २०,००० असे लावा: टायरच्या जोडीला ८,०००, ट्यूबलेसची टेप, व्हॉल्व्ह, सीलंट यांना २,०००, मागच्या चाकाचे ३२ स्पोक, निपल आणि मजुरी यांना ४,००० ते ५,०००. उरलेले ठेवून द्या. पुढे हबचे बेअरिंग आणि ब्रेकची पॅडं लागतीलच.

रिम ठेवायची का, ते चाक उघडल्यावर ठरेल. सगळे निपल सैल करून रिम सुटी करा आणि काचेच्या टेबलावर ठेवा. कुठे २ मिलिमीटरपेक्षा जास्त उचललेली दिसली, किंवा स्पोकच्या भोकाभोवती केसासारखा तडा दिसला, तर ती गेली. नवी घेताना आतली रुंदी १९ ते २३ मिलिमीटर आणि ३२ भोकं बघा.

स्पोक दोन्ही टोकांना २.० आणि मधे १.८ मिलिमीटरचे, म्हणजे डबल-बटेड घ्या. हलके असतात म्हणून नव्हे. ६४ स्पोकांत साठ-सत्तर ग्रॅमचाच फरक पडतो. मधला बारीक भाग रबरासारखा थोडा ताणतो आणि मानेवरचा मार झेलतो. निपल पितळेचेच. अॅल्युमिनियमचे घेतले तर सगळ्या सायकलमध्ये चाळीसेक ग्रॅम वाचतील, पण पावसाळ्यात ते स्टीलच्या स्पोकशी गंजून चिकटतात आणि पुढच्या वेळी पाना फिरवला की डोकं गोल होऊन जातं.

लांबी दुकानदाराच्या अंदाजावर सोडू नका. चार मापं लागतात: रिमचा परिणामी व्यास (समोरासमोरच्या स्पोकच्या रिमकडच्या टोकांमधलं अंतर), हबच्या कडेवरच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास, हबच्या मध्यापासून त्या कडेचं अंतर, आणि भोकाचा व्यास. उदाहरणार्थ रिमचा परिणामी व्यास ६००, हबच्या भोकांचं वर्तुळ ४५, उजवी कड मध्यापासून २० आणि डावी ३४ मिलिमीटर, स्पोक ३२, तीन छेद (प्रत्येक स्पोक वाटेत तिघांना ओलांडतो). त्रिज्या ३०० आणि २२.५, कोन ३ गुणिले ७२० भागिले ३२, म्हणजे ६७.५ अंश. दोन्ही त्रिज्यांचे वर्ग आणि कडेच्या अंतराचा वर्ग यांच्या बेरजेतून दोन्ही त्रिज्यांच्या गुणाकाराची दुप्पट गुणिले कोनाचा कोसाइन वजा करा, वर्गमूळ काढा, भोकाची त्रिज्या १.३ वजा करा. उजवीकडे २९१.५ आणि डावीकडे २९२.८ येतं. दुकानात २९१ आणि २९२ मागा, एखादा मिलिमीटर कमी चालतो. जास्त झाला तर स्पोकच्या आट्या संपतात आणि निपल ताण न देताच अडतो.

बांधताना आट्यांना तेलाचा थेंब लावा. सगळे निपल आट्या झाकेपर्यंत सारखे फिरवा, मग अर्धा-अर्धा फेरा, शेवटी पाव-पाव. आपल्या दुकानांत ‘आउट काढणं’ म्हणजे रिम जिकडे झुकली त्याच्या समोरचा स्पोक आवळणं, इतकंच. त्याने चाक सरळ दिसतं, पण एक स्पोक ताठ आणि शेजारचा लुळा असा संसार होतो. कॅसेटच्या बाजूचा ताण ११० ते ११५ किलो ठेवा (रिमवर कमाल मर्यादा लिहिलेली असेल तर तिच्या आत). वरच्या मापांच्या हबवर डावी बाजू आपोआप त्याच्या २० भागिले ३४, म्हणजे ५९ टक्क्यांवर, साधारण ६५ ते ६८ किलोंवर येऊन थांबेल. तो दोष नाही, ती भूमिती आहे. डाव्या बाजूचा ताण मुळातच कमी, म्हणून तिथले निपल सुटू नयेत यासाठी त्या आट्यांना साध्या तेलाऐवजी जवसाचं तेल लावतात. ते वाळून चिकट होतं.

ताणमापक नसेल तर नखाने छेडून बघा. एका बाजूचे सगळे स्पोक एकाच सुरात लागले पाहिजेत, तंबोऱ्याच्या जोडतारांसारखे. दोन बाजू एकमेकींशी जुळणार नाहीत, जुळवायलाही जाऊ नका. मग समांतर जाणारे दोन-दोन स्पोक मुठीत धरून जोरात दाबा, चाकभर. कटकट आवाज येतील. वळलेले स्पोक सरळ होतात, माना हबमध्ये नीट बसतात. पुन्हा सरळ करा. हे दाबणं गाळलं तर पहिल्याच फेरीत चाक आउट होणार. आडवं अर्धा मिलिमीटर आणि उभं अर्ध्या-पाऊण मिलिमीटरच्या आत आलं की पुरे. शंभर किलोमीटरनंतर एकदा तपासा.

प्रश्न : नवी चाकं मागवली. माझी १० स्पीडची कॅसेट बसवली तर सैल खडखडते, आणि मागचं चाक फ्रेममध्येही बसत नाही. फसवलं गेलो का? (ठाणे)

फसवलं कुणी नाही, मापं न विचारता घेतलीत. तुमचा हब ११ स्पीड रोडचा आहे, त्याचा कॅसेट बसायचा दंडगोल १.८५ मिलिमीटरने लांब असतो. तेवढ्याच जाडीचं कडं कॅसेटच्या मागे घाला आणि लॉकरिंग ४० न्यूटन-मीटरने आवळा, खडखड जाईल. उलटं, म्हणजे ११ स्पीड रोडची कॅसेट १० स्पीडच्या हबवर, बसत नाही. अपवाद मोठ्या दातांच्या काही ११-३४ कॅसेटचा. त्या जुन्या दंडगोलावर बसतात.

फ्रेमचा प्रश्न: चाक १४२ x १२ थ्रू-एक्सलचं, फ्रेम १३५ क्विक रिलीजची. हे वाटतं तितकं वाईट नाही. १४२ च्या फ्रेममध्ये दोन्हीकडे साडेतीन मिलिमीटरच्या खाचा असतात, त्या वजा केल्या की उरतं १३५च. त्यामुळे बऱ्याच हबच्या टोकांच्या टोप्या बदलून तेच चाक क्विक रिलीजमध्ये चालतं. त्या कंपनीच्या टोप्या मागवा. बसवल्यावर डिस्क कॅलिपरच्या (ब्रेकची पॅडं धरणाऱ्या भागाच्या) मध्यावर आहे ना ते बघा, नसेल तर कॅलिपरचे दोन बोल्ट सैल करून, ब्रेक दाबून धरून पुन्हा आवळा. डिस्क सहा बोल्टची आहे की सेंटरलॉक (मधल्या एकाच रिंगने आवळायची), तेही आता बघून घ्या, नाहीतर तिसरं पत्र त्याचं येईल.

प्रश्न : दुकानदार म्हणतो २८ इंची टायर माझ्या ७००सी चाकावर बसेल. बसेल? (सांगली)

कोणतं २८, त्यावर आहे. आपल्या जुन्या काळ्या सायकलचं २८ x १ १/२ हे ६३५ मिलिमीटर कडेचं, तुमचं ६२२ चं. तेरा मिलिमीटर ढिलं, हवा भरताच निसटेल. युरोपातून आलेल्या टायरवर २८ लिहून शेजारी ४०-६२२ असं छापलेलं असेल तर ते तुमचंच. माउंटन बाइकचं २९ हेही ६२२ च. इंचांकडे बघू नका, टायरच्या बाजूवर ठसवलेला ६२२ किंवा ६३५ असा तीन आकडी अंक वाचा.

प्रश्न : घरी ट्यूबलेस केलं. रात्रीत हवा जाते, आणि एकदा खड्ड्यात आपटून टायर रिमपासून सुटला. (रत्नागिरी)

रिम ट्यूबलेससाठीची आहे का? नसेल तर पुढचं वाचू नका, ट्यूब घाला. साध्या रिमला आत टायरची कड अडकून राहायला सपाट पायरी नसते. दाब कमी असताना आडवा धक्का बसला की कड आत सरकते आणि भसकन हवा जाते. तुमचं तेच झालेलं दिसतं.

रिम योग्य असेल तर दोष बहुतेक वेळा टेपचा. टेप रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा २ ते ३ मिलिमीटर रुंद हवी. २१ च्या रिमला २३ किंवा २४ ची. विजेच्या कामाची काळी चिकटपट्टी वापरू नका, तिचा गोंद सीलंटमध्ये विरघळतो. जुना चिकटपणा स्पिरिटने पुसा, व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने सुरुवात करून टेप ताणून दोन फेरे द्या. मग आत ट्यूब घालून, हवा भरून तासभर ठेवा म्हणजे टेप नीट दबते. व्हॉल्व्हचं भोक कात्रीने कापू नका, तापवलेल्या सुईने पाडा. कापलेली कड पुढे फाटत जाते.

टायर बसवून व्हॉल्व्हची आतली पिन काढा, कडांना साबणाचं पाणी लावा आणि मोठ्या पंपाने सलग जोरात हवा मारा. टप्-टप् असे दोन आवाज आले की कडा बसल्या. आता हवा सोडून त्याच तोंडातून सीलंट घाला: ३३ च्या टायरला ५० मिलिलिटर, ४० च्या टायरला ७० ते ८०. पिन लावा, हवा भरा, चाक आडवं धरून दोन्ही बाजूंनी घुसळा आणि लगेच पाच किलोमीटर चालवून या. हे चालवणं टाळल्यानेच पुष्कळांची हवा रात्रीत जाते.

उन्हाळ्यात सीलंट दोन-तीन महिन्यांत सुकतं. व्हॉल्व्ह खाली ठेवून, हवा सोडून, पिन काढून प्लॅस्टिकची बारीक बंधपट्टी आत घाला. ओली आली तर आहे, कोरडी आली तर भरा. रिमवर ‘हुकलेस’ (टायर धरायला कडेला हुक नसलेली) लिहिलं असेल तर ट्यूबलेसचाच टायर वापरायचा आणि दाब ७२.५ पीएसआयच्या वर कधीच न्यायचा नाही.

प्रश्न : ३३ चे ट्यूबलेस टायर, वजन ७० किलो, चिखलाची शर्यत. हवा किती? आणि कार्बनची चाकं घेतली तर चिखलात फरक पडेल का? (ब्रिस्टल, इंग्लंड)

पुढे २५, मागे २७ पीएसआयपासून सुरू करा. सराव-फेरीत वळणावर टायर चुरगळतोय असं वाटलं किंवा मुळांवर रिम टेकली तर २ वाढवा. सायकल उसळत असेल तर १ कमी करा. ट्यूब असेल तर ३५ च्या फार खाली जाऊ नका, सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. पंपावरचा काटा १६० पर्यंतचा असेल तर २५ च्या आसपास तो भरवशाचा नसतो, ६० पर्यंतचं छोटं मापयंत्र घ्या. एक गोष्ट हमखास विसरली जाते: घरात २० अंशांना भरलेले २५ पीएसआय मैदानावर ५ अंशांत सुमारे २३ होतात. शेवटचं माप मैदानावरच घ्या.

कार्बनच्या खोल रिमवर चिखल कमी साठतो आणि वाळूत ती सरळ धावते, हे खरं आहे. पण त्या पैशांत साध्या अॅल्युमिनियम चाकांच्या दोन जोड्या येतील, एकीवर चिखलाचे आणि एकीवर कोरड्या मातीचे टायर. इंग्लंडच्या हिवाळ्यात दर आठवड्याला टायर काढ-घाल करण्यापेक्षा ते सोयीचं. फक्त दोन्ही जोड्यांचे हब एकाच जातीचे घ्या, म्हणजे डिस्क दर वेळी नव्याने जुळवावी लागणार नाही. पॅडं बदलताना डिस्कवर ‘रेझिन पॅड ओन्ली’ असं कोरलेलं आहे का ते बघा. तसं असेल तर चिखलात जास्त टिकणारी धातूमिश्रित पॅडं त्या डिस्कवर चालत नाहीत, ती डिस्कच खाऊन टाकतात. आणि शर्यतीनंतर प्रेशर वॉशरचा फवारा हबवर सरळ मारू नका, बेअरिंगमधलं ग्रीस तिथूनच निघून जातं.